मंडळाचा सूर आधी जुळवा, मग अभंगाला हात घाला

मंडळी, तुमच्या गावात भजनी मंडळ असेलच. नसेल असे गाव आपल्याकडे शोधून सापडायचे नाही. पेटी आहे, पखवाज आहे, वीणा आहे, दहा-पंधरा टाळांच्या जोड्या आहेत. गाणारे गळेही चांगले आहेत. तरीपण पाच-सहा अभंग झाले की ऐकणारे उठू लागतात आणि बुवांचा आवाज बसू लागतो. मग कोणी म्हणतो माईक खराब आहे, कोणी म्हणतो पखवाज्याचा हात जड आहे. बहुतेक वेळा दोष या दोन्हींचा नसतो. वाद्ये एकमेकांशी जुळवलेलीच नसतात. पेटी एका सुरात, पखवाज दुसऱ्या सुरात, आणि वीणा तर नुसती गळ्यात.

बैलजोडीतला एक बैल पुढे ओढतो आणि दुसरा बांधाकडे, तेव्हा तास सरळ पडत नाही हे तुम्हाला सांगायला नको. गाण्याचेही तसेच आहे. गाणाऱ्याचा गळा आपोआप ज्या सुराकडे ओढला जातो तो सूर एकच असेल तर गळा निवांत चालतो. दोन असतील तर गळा दोन्हींच्या मध्ये रेटत राहतो आणि तासाभरात थकतो. म्हणून सूर जुळवणे ही केवळ हौस नाही. म्हाताऱ्या बुवांचा गळा टिकवण्याचा आणि शिकायला आलेल्या पोरांचा कान घडवण्याचा तो प्रश्न आहे. बेसूर वाद्यांच्या संगतीत वाढलेल्या पोराचा कान पुढे दुरुस्त करणे फार कठीण जाते.

पट्टी कोणाची? गळ्याची!

पहिला निर्णय पट्टीचा. पट्टी म्हणजे गाण्याचा ‘सा’ पेटीच्या कोणत्या स्वरावर धरायचा ते. पांढऱ्या सात आणि काळ्या पाच अशा बारा पट्ट्यांतून एक निवडायची. बोलण्यात आपण ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ असे म्हणतो ते हेच.

अनेक गावांत पट्टी पखवाजावरून ठरते. पखवाज काळी चारला बोलतो, म्हणून सगळ्यांनी काळी चारला गायचे! हे उलटे झाले. मापे पाय बघून घेतात, चप्पल बघून पाय कापत नाहीत. बैठकीच्या गाण्यात पुरुषाला साधारण काळी एक ते काळी दोन आणि बाईमाणसाला काळी चार ते काळी पाच सोयीची पडते. भजनात टिपेला गायची रीत असल्याने गडी माणसेही वर चढतात. त्यात गैर नाही, पण मुख्य गाणाऱ्याला तार सप्तकातला ‘सा’ आणि त्याच्यावरचे एक-दोन स्वर न ओरडता लागले पाहिजेत. खाली मंद्रातला ‘प’ ऐकू येण्याइतका निघाला पाहिजे. या दोन टोकांमध्ये जी पट्टी बसेल ती आपली.

स्त्री-पुरुष एकत्र गात असतील तर मधली पट्टी काढून दोघांचे हाल करू नका. एक अभंग बायकांच्या पट्टीत, एक गड्यांच्या पट्टीत असे आलटून पालटून घ्या. त्यासाठी मात्र पखवाज किंवा तबल्याचे दोन नग लागतील. त्याचा खुलासा पुढे येतो.

पेटी ही मोजणीचा दगड

टाळ सोडले तर मंडळातल्या सगळ्या वाद्यांत पेटी हे एकच वाद्य असे आहे की ते बसल्या जागी चढवता-उतरवता येत नाही. आत पितळी सूर असतात. एकेका पट्टीमागे धातूची एक पातळ जीभ, आणि भात्याच्या हवेने ती थरथरते. जिभेचे टोक घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. हे काम कारागिराचे आहे. घरच्या कानशीने कोणी हात लावू नये, एकदा घासलेले पितळ परत येत नाही.

म्हणून जमिनीच्या मोजणीत हद्दीचा दगड जसा हलवत नाहीत आणि बाकीची मापे त्याच्यावरून धरतात, तसे बाकी सगळी वाद्ये पेटीला जुळवायची. मंडळात दोन पेट्या असतील तर आधी त्या दोघींचे आपसात पटते का बघा. दोन्हींवर एकच पट्टी एकदम दाबा. स्वर लाटेसारखा हेलकावे खात असेल तर दोन्ही पेट्या एकत्र वाजवू नका. एकच ठेवा, किंवा दोन्ही एकाच कारागिराकडून एकमेकींना लावून घ्या. जुळवताना भाता संथ दाबावा. जोराने रेटला तर पेटीचाही सूर किंचित हलतो.

पेटी आपली म्हणतो, पण मूळ परदेशी आहे. १९ व्या शतकाच्या मध्याला पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी पायपेटीचे हक्क नोंदवले. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याच शतकाच्या अखेरीस तिला मांडीजवळ घेऊन बसता येईल असे हातभात्याचे रूप दिले. पुढे आकाशवाणीने १९४० साली पेटीला दारच बंद केले. पेटीचे स्वर ठोकळेबाज, त्यात आपल्या गाण्याची मींड आणि श्रुती येत नाहीत, असा आक्षेप होता. १९७१ पासून ही बंदी सैल झाली.

आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. दोन लगतच्या पट्ट्यांतले अंतर एक रुपया धरले तर त्याचे शंभर पैसे होतात. पेटीत बाराही रुपये सारखे वाटलेले असतात. पण तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे चौदा पैसे खाली असतो. पंचमात फरक जेमतेम दोन पैशांचा. म्हणून पंचम पेटीवर गोड लागतो आणि गंधारावर चांगला गवई चुळबुळतो.

या चौदा पैशांचा हिशेब लावायला आपल्याच भागातले एक महसूल अधिकारी बसले होते, हे गावच्या कारभाऱ्यांना वाचून बरे वाटेल. डेप्युटी कलेक्टर म्हणून काम केलेले कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचे आपले इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. या कामी त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे स्वर तपासले होते. न्यायखात्यातले ई. क्लेमेंट्स हे इंग्रज अधिकारीही या शोधात त्यांच्याबरोबर होते, आणि त्यातून जास्त स्वरांची ‘श्रुती हार्मोनियम’ तयार झाली. ती बाजारात रुजली नाही, पण प्रश्न खरा होता.

आपल्या मंडळाने यातून एवढेच घ्यावे, की वाद्ये जुळवताना पेटीचा ‘सा’ आणि ‘प’ धरावा. गंधारावरून कोणतेही वाद्य लावू नये.

वीणा नुसती गळ्यात नको

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्रंदिवस पहारा चालतो. इतका मान असलेल्या वाद्याच्या तारा मात्र कित्येक गावांत वर्षानुवर्षे लावलेल्या नसतात. हे बरे नव्हे. पहारा सुरू होण्याआधी पाच मिनिटे तिच्या तारांना द्या.

वीणा असो की तंबोरा, रीत सारखीच. आधी जोडीच्या तारा पेटीच्या ‘सा’ला लावा. मग खर्जाची तार त्याच्या एक सप्तक खाली. शेवटी पंचमाची. तार नेहमी आधी उतरवून मग चढवत आणा. चढलेली तार खाली आणून सोडली तर खुंटीतला ढिलेपणा राहतो आणि दोन अभंगांत ती आणखी उतरते. तंबोऱ्याला मणी असतात ते शेवटच्या केसभर फरकासाठी. खुंटी सरकत असेल तर खडू लावा, तेल कधीही लावू नका.

सूर जुळला हे ओळखायचे कसे? येथे कानाला एक पक्की खूण आहे. दोन स्वर जवळजवळ सारखे पण नेमके एक नसले, की आवाज लहान-मोठा होत हेलकावे खातो. पेटीचा स्वर सेकंदाला २७७ कंपनांचा असेल आणि तारेचा २८० चा, तर सेकंदाला बरोबर तीन हेलकावे ऐकू येतील. खुंटी फिरवाल तसे हेलकावे मंदावतात. दोन, एक, मग अर्धा, आणि मग थांबतात. थांबले की जुळले. याला गाण्याचे शिक्षण लागत नाही. पाण्याच्या इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणाऱ्या शेतकऱ्याला तर हे सहज जमावे.

जाता जाता शेतकऱ्यांच्या कामाची एक गोष्ट. तंबोरा आणि सतारीसाठी नावाजलेल्या मिरजेत लागणारा मोठा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे गवयाच्या मांडीवरचा तो सूर निम्मा शेतकऱ्याच्या बांधावर पिकलेला असतो!

पखवाज : हातोडी जपून

आता सगळ्यात नाजूक काम. पखवाजाच्या उजव्या तोंडावर शाई असते, डाव्यावर ओली कणीक लावतात. तबल्यातही उजव्यावर शाई. ही काळी शाई शोभेची नाही. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर गोंगाट निघतो, स्वर निघत नाही. मधे शाईचे वजन बसवले की कातड्याची कंपने शिस्तीत येतात आणि तारेसारखा स्वच्छ स्वर मिळतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली याच विषयावर लिहिले आणि १९३४ साली पुन्हा सविस्तर मांडणी केली. आपल्या कारागिरांनी हे शतकांपूर्वी हाताने शोधून ठेवले होते.

उजवी बाजू पेटीच्या ‘सा’ला लावायची. सूर बराच खाली असेल तर वादीखालचे गठ्ठे हातोडीने सरकवून ताण वाढवा. थोडाच फरक असेल तर गठ्ठ्यांना हात लावू नका. गजऱ्यावर तोंडाच्या बाजूने हलके ठोकले की सूर चढतो, उलट बाजूने ठोकले की उतरतो. मुख्य गोष्ट अशी की आठही गठ्ठ्यांच्या जागी चाटेवर बोट मारून बघा. आठही ठिकाणी एकच स्वर आला पाहिजे. एका बाजूला ठोकले की समोरच्या बाजूलाही बघायचे. चाकाच्या धावेसारखा ताण चहूबाजूंनी सारखा हवा. एकाच बाजूने ठोकत राहिलात तर सूर कधीच स्वच्छ होणार नाही, आणि पान फाटेल ते वेगळेच.

डाव्या बाजूची कणीक दर बैठकीला ताजी मळा. मीठ नको, तेल नको, हाताला चिकटणार नाही इतपत मऊ. कणीक वाढवली की सूर खाली जातो, कमी केली की वर येतो. उजव्याच्या ‘सा’चा खालच्या सप्तकातला ‘सा’ मिळाला की दोन्ही तोंडे एकमेकांना धरून बोलतात. भजन संपले की कणीक खरवडून, ओल्या फडक्याने पुसून काढा. रात्रभर तशीच ठेवली तर ती वाळून कातडे ओढते आणि उंदरांना आमंत्रण मिळते. पखवाजाची पाने अवेळी फाटण्यामागे हे एक मोठे कारण असते.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. तोंड लहान तितका सूर उंच, तोंड मोठे तितका खाली. एकच तबला किंवा पखवाज जेमतेम एक-दोन पट्ट्या इकडेतिकडे जातो. काळी एकचे वाद्य काळी चारला चढवायचा हट्ट केला तर पान जाणारच. खरेदीला जाताना म्हणूनच आधी मंडळाची पट्टी ठरवून, ती दुकानदाराला सांगून, त्याच्या पेटीवर वाजवून मगच नग उचला.

ऊन आणि दव यांचा खेळ

कातडे दमट हवेत सैल पडते आणि सूर उतरतो. उन्हात तेच वाळून ताणते आणि सूर चढतो. पोलादी तारेचे नेमके उलटे. उन्हात ती तापून लांबते आणि उतरते, गारव्यात आखडून चढते. म्हणजे दुपारी मांडवात पखवाज वर चाललेला असतो आणि वीणा खाली. रात्री दव पडू लागले की पखवाज खाली आणि वीणा वर. पेटी मात्र जवळपास जागच्या जागी. संध्याकाळी सहाला जुळवलेली वाद्ये रात्री नऊच्या कीर्तनाला का भांडतात, याचे उत्तर हे आहे. यात वाजवणाऱ्याची चूक नाही, पण पुन्हा न जुळवणे ही चूकच.

म्हणून वाद्ये घरातून आणल्या आणल्या जुळवू नका. जेथे वाजवायची तेथे अर्धा तास उघडी ठेवा, तेथल्या हवेला रुळू द्या, मग जुळवा. पावसाळ्यात पखवाज शेकायचा असेल तर शेगडीपासून हातभर दूर, आणि तोही फिरवत. उन्हाळ्यात टेम्पोच्या टपावर वाद्ये टाकून नेऊ नका. तसेच न्यायची पाळी आली तर निघण्याआधी पखवाजाचा ताण थोडा उतरवा.

पोरांची गिटार आली तर?

आता काही गावांत शिकलेली पोरे मंडळात गिटार घेऊन बसतात. जुनी मंडळी नाक मुरडतात. वास्तविक पेटी परदेशातून येऊन आपली झाली, तर गिटारीनेच काय घोडे मारले? अडचण वेगळीच आहे. पोरगा मोबाईलवर बघून गिटार लावतो. मोबाईलमधला मापक जगभर ठरलेल्या मापाने चालतो, म्हणजे पांढरी सहा बरोबर ४४० कंपने. तुमची जुनी पेटी त्याहून थोडी वर किंवा खाली असू शकते. मग गिटार मोबाईलला बरोबर आणि मंडळाला चूक!

उपाय सोपा आहे. गिटारीच्या सहा तारा जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा ई अशा असतात. पेटीवर त्या अनुक्रमे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि तीन होतात. मोबाईल खिशात ठेवा, पेटीवाल्याला एकेक पट्टी दाबायला सांगा आणि हेलकावे थांबेपर्यंत खुंटी फिरवा. किंवा पेटीची पांढरी सहा मापकाला ऐकवा. त्याने ४४३ दाखवले तर मापकाचे मूळ माप ४४३ करून घ्या आणि मग लावा. तारा नव्या असतील तर त्या ताण खाईपर्यंत दोन-तीनदा उतरतात. एकदा लावून भागत नाही.

काळी एकमध्ये गायचे असेल तर पहिल्या घरात चिमटा, म्हणजे कॅपो लावून पांढरी एकचीच बोटे ठेवता येतात. चिमटा लावल्यावर सूर पुन्हा तपासावा, कारण दाबाने तारा किंचित चढतात. आणि पोरांनो, अभंगात गिटार झोडपू नका. ‘सा’ आणि ‘प’ धरून, गायकाच्या खाली राहून वाजवा. गंधाराची गडबड आपोआप टळेल.

भोंग्याने सूर सुधारत नाही

वाद्ये जुळत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा, हा रोग आता देवळापर्यंत आला आहे. माईक चांगला असो की वाईट, तो बेसूर दुरुस्त करत नाही, चार आळ्यांपलीकडे पोचवतो. शिवाय सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी लक्षात ठेवावे, की ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. शासनाने सणासुदीला सवलत दिली तरी ती वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस आणि मध्यरात्रीपर्यंतच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जुळलेले मंडळ देवळात भोंग्याशिवायही पुरेसे ऐकू येते. सगळे स्वर एका दिशेने गेले की आवाजाला आपोआप वजन येते.

पंधरा मिनिटांचा क्रम

शेवटी रोजच्या बैठकीसाठी क्रम सांगतो. कागदावर लिहून देवळाच्या भिंतीला लावा.

१. वाद्ये जागेवर आणून अर्धा तास उघडी ठेवा.
२. मुख्य गाणाऱ्याला विचारून पट्टी पक्की करा.
३. पेटीवाल्याने ‘सा’ धरून ठेवावा. बाकी सगळ्यांनी गप्प बसावे.
४. आधी वीणा किंवा तंबोरा, मग गिटार असेल तर ती, शेवटी पखवाज-तबला. एका वेळी एकच जण जुळवेल.
५. टाळ जुळवता येत नाहीत. पण फुटका, चिरकणारा टाळ बाजूला ठेवता येतो. तो ठेवाच.
६. सगळ्यांनी मिळून नुसता ‘सा’ वाजवावा आणि गावा. कोठे हेलकावा वाटला तर परत बघावे.
७. अर्ध्या तासाने, दोन अभंगांच्या मधे, पखवाज आणि वीणा पुन्हा तपासा.

यातली तिसरी आणि चौथी पायरी सगळ्यात अवघड आहे, कारण तेथे वाद्य नाही, माणूस आवरायचा असतो. एकाच वेळी पखवाजी ठोकतोय, टाळकरी खणखणतोय, वीणेकरी तार छेडतोय, तर कोणाला काय ऐकू येणार? पंधरा मिनिटे शांतता पाळण्याची जबाबदारी मंडळाच्या अध्यक्षाने घ्यावी. जमले तर गावातली दोन हुशार पोरे, मुलगा असो की मुलगी, या कामावर नेमा. हातोडी आणि खुंटी त्यांच्या हाती द्या, वर्षभर चुकू द्या. बुवा आज आहेत, उद्या थकतील. पेटी नवी घेता येते, पखवाजाचे पान बदलता येते. सूर ओळखणारा कान मात्र गावातच तयार करावा लागतो, आणि तो तयार व्हायला वेळ लागतो. तेव्हा पुढच्या बैठकीपासूनच सुरुवात करा.